तीन दिवस नाशिकचे: बर्गर, बन आणि लाल कांदा

माझ्या मावसभावाची मुलगी नाशिकला कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. जानेवारीच्या सुरुवातीला तिचा फोन आला. "आत्या, फेब्रुवारीत आमच्या कॉलेजात खाऊगल्ली भरणार आहे. मी बर्गरचा स्टॉल घेतलाय. त्याआधी तयारीसाठी तू येशील का?" मी पुण्यात घरी पाव आणि बन भाजून विकते. बर्गर हा माझ्या फार जिव्हाळ्याचा पदार्थ. त्यात २६ जानेवारी सोमवारी आलेली, म्हणजे शनिवारपासून सलग तीन दिवस मोकळे. मी तिथल्या तिथे हो म्हटलं.

भाचीनं एक वही केली होती. त्यात चार रकाने: बन, टिक्की, ओलावा, भाव. ती वही घेऊन आम्ही दोघी तीन दिवस नाशिकभर फिरलो.

शनिवार

वाकडेवाडीहून सकाळची बस धरली. जोडसुट्टीमुळे नारायणगावापासूनच गाड्यांच्या रांगा होत्या, तरी दोनच्या आत नाशिकच्या द्वारका चौकात उतरले आणि रिक्षाने इंदिरानगर गाठलं. मावशीनं बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि लोण्याचा गोळा वाढून ठेवला होता. संध्याकाळी काय काय खायचंय हे ठाऊक असूनही दोन भाकरी खाल्ल्या. मावशीच्या हातच्या बाजरीला नाही म्हणणं मला कधी जमलेलं नाही.

सात वाजता कॉलेज रोडला गेलो. नाशिकची थंडी ऊन उतरलं की एकदम अंगावर येते. पोरं-पोरी स्वेटर, कानटोप्या घालून गाड्यांभोवती उभी होती आणि प्रत्येक तव्यावरून लोण्याची वाफ वर चढत होती. पहिल्यांदा आलू टिक्कीच खायची हे आधीच ठरलं होतं. एका कोपऱ्यातल्या गाडीवर गर्दी बरी दिसली, तिथे थांबलो.

गाडीवाल्या दादांचे हात बघत राहावेत असे होते. बन आडवा कापला, तव्यावर लोणी फिरवलं आणि दोन्ही कापं कापलेल्या बाजूनं त्यावर दाबून धरली. शेजारी टिक्की दुसऱ्यांदा तळली जात होती. बनला तांबूस कड आली तसा त्यावर मेयोनीजचा हात फिरवला, मग बारीक चिरलेला कोबी, टिक्की, शेजवान चटणी आणि वरून किसलेलं चीज. टिक्कीत वाटाणा होता, पण बटाटा चिकट लागत नव्हता. मी विचारलं तर म्हणाले, "ताई, बटाटा रात्रीच उकडून ठेवतो. आणि ब्रेडच्या चुऱ्याऐवजी जाडे पोहे. तेल कमी पिते टिक्की."

ही दोन वाक्यं भाचीनं उभ्या उभ्या लिहून घेतली, आणि ती लिहून घेण्यासारखीच होती. गरम बटाटा कुस्करला की त्याचा डिंक होतो. रात्रभर गार झालेल्या बटाट्यातली स्टार्च घट्ट बसते, मग टिक्की तव्यावर फुटत नाही. हे मी पुस्तकात वाचून शिकले, दादा रोजच्या तव्यावर शिकले.

आलू टिक्कीचा बर्गर आपल्याकडे इतका मुरलाय की तो बाहेरून आला असं वाटतही नाही. मॅकडॉनल्ड्सनं भारतात पहिलं दुकान १९९६ साली दिल्लीत उघडलं. गोमांस अजिबात न ठेवणारं ते त्यांचं जगातलं पहिलं दुकान. मग चिकन आलं, भाज्या आल्या आणि बटाट्याची टिक्की आली. आज गल्लीबोळातली प्रत्येक गाडी तीच टिक्की आपापल्या पद्धतीनं करते. मला यात आनंद वाटतो. जिथे जाईल तिथलं धान्य, तिथला मसाला घेऊन उभा राहणारा पदार्थच टिकतो.

पुढे एका छोट्या दुकानात कुरकुरीत चिकनचा बर्गर घेतला. मांडीचा तुकडा ताकात मुरवलेला, मैद्यात दोनदा घोळवून तळलेला, वरून त्याचे खवले उठलेले. चावला की कानाला ऐकू येईल असा. अमेरिकेत याला सहसा बर्गर म्हणत नाहीत, सँडविच म्हणतात. तिथे बर्गर म्हणजे खिम्याची टिक्की. आपल्याकडे गोल बनमध्ये जे जाईल ते बर्गर.

"मग आत्या, वडापाव पण बर्गरच की," भाची म्हणाली.

घरी चालत येताना यावर आमचं बरंच बोलणं झालं. नाव आलं ते जर्मनीतल्या हॅम्बर्ग शहरावरून. तिथून अमेरिकेत गेलेल्या लोकांसोबत खिम्याचं 'हॅम्बर्ग स्टेक' गेलं, ते ताटात काट्या-चमच्यानं खायचं. पुढे कामगारांना उभ्या उभ्या खाता यावं म्हणून ते पावात शिरलं. वडापावाचा जन्मही तसाच, गिरणीच्या वेळा सांभाळणाऱ्या माणसांच्या घाईतून. पण वडा गोल असतो, आपण तो पावात दाबून चपटा करतो. बर्गरमध्ये टिक्की आधीच चपटी असते, कारण तिचा सगळा मान तव्याला टेकणाऱ्या पृष्ठभागात आहे. भाचीला हे पटलं. वहीच्या मागच्या पानावर तिनं दोन चित्रं काढली, एक वड्याचं, एक टिक्कीचं.

जाणाऱ्यांसाठी: कॉलेज रोडला शनिवारी-रविवारी साडेसातनंतर गाडी लावायला जागा मिळत नाही. रिक्षा करा किंवा सिटीलिंकची बस धरा. आणि गाडीवरचा बर्गर कागदात गुंडाळून घरी नेऊ नका. पाच मिनिटांत त्याची वाफ बनमध्ये उतरते आणि कोबी मान टाकतो.

रविवार

पहाटे साडेपाचला उठलो. मावसभाऊ, म्हणजे माझा दादा, म्हणाला, "सुट्टीच्या दिवशी कोण उठतं गं एवढ्या लवकर?" पण मला भट्टी बघायची होती. भद्रकालीच्या बाजूला जुन्या नाशकात लाकडावर चालणारी एक बेकरी आहे. वहिनीचा पाव वर्षानुवर्षं तिथूनच येतो, तिनंच शब्द टाकून ठेवला होता.

तीन दिवसांतला हा तास मला सगळ्यात मोलाचा वाटतो. बाहेर बोटं गारठलेली, आत पाऊल टाकलं की चेहऱ्यावर ऊब आणि आंबलेल्या पिठाचा वास. बेकरीचे चाचा सत्तरीचे असतील. लांब दांड्याच्या फळीवरून ते लाद्या आत सरकवत होते. मी बन भाजते असं कळल्यावर त्यांनी मला पुढे बोलावलं आणि भट्टीच्या फरशीवर चिमूटभर मैदा फेकला. तो दहा आकडे मोजायच्या आत बदामी झाला.

"आत्ता पाव जाणार," चाचा म्हणाले. "बन नाही. बनमध्ये साखर असते, दूध असतं. या आगीत वरून काळा होईल, आतून कच्चा राहील. पाव निघाला, आग जरा बसली, की मग बन."

अर्ध्या तासानं त्यांनी पुन्हा मैदा फेकला. या वेळी रंग सावकाश चढला. मग बनचे पत्रे आत गेले. घरी माझ्या ओव्हनला आकडे आहेत, मी त्या आकड्यांवर चालते. चाचांची भट्टी सकाळभर उतरत जाते, आणि त्या उतरत्या आगीच्या प्रत्येक टप्प्याला त्यांच्याकडे एक पदार्थ आहे. शेवटी उरलेल्या धगीवर टोस्ट सुकतात.

आणखी एक गोष्ट त्यांनी हातात देऊन दाखवली. लादीपावाचे गोळे पत्र्यावर एकमेकांना चिकटून फुगतात, म्हणून फोडल्यावर त्याच्या चारही बाजू कापसासारख्या असतात. बर्गरचे बन सुटे ठेवतात, म्हणून त्यांना सगळीकडून पातळ साल येते. रस धरून ठेवते ती ही साल. लादीपावात रसाळ टिक्की घातली तर पाव बाजूनं विरघळतो. स्टॉलसाठी साधा पाव वापरून पैसे वाचवायचा भाचीचा विचार होता. तो तिनं तिथेच सोडला.

चाचांकडून दोन डझन बन घेतले. पैसे घेताना त्यांनी चार बन जास्त घातले. "बेटी पहिल्यांदा दुकान मांडतेय," म्हणाले.

तिथून रामकुंडावर गेलो. गोदावरीच्या पाण्यावर धुकं बसलं होतं आणि बायका त्यात द्रोणातले दिवे सोडत होत्या. मग मिसळ. नाशकात रविवारी सकाळी मिसळ खाल्ली नाही तर रविवार लागत नाही. मोड आलेली मटकी, काळ्या मसाल्याचा रस्सा, पापड, दही, वर कच्चा कांदा आणि लिंबू. दुसरा पाव रश्श्यात बुडवताना भाची थांबली. "आत्या, याचीच टिक्की केली तर?" मी तिच्याकडे बघितलं. वहीत 'मटकी' हा शब्द लिहून तिनं त्याखाली दोन रेघा मारल्या.

दुपारी मात्र फसलो. गंगापूर धरणाच्या बाजूला द्राक्षबागांच्या दिशेनं एक देखणा कॅफे आहे. झाडं, लाकडी टेबलं, समोर पाणी. तासभर थांबल्यावर वीतभर उंचीचा बर्गर आला, मधोमध काडी खोचलेला. बन न भाजता त्यावर सॉस ओतलेला, त्यामुळे खालचा अर्धा भाग हातात घेताच फाटला. टिक्की मध्यभागी गार होती. परत करायला दिली तर तीच गरम करून आणली. माझं म्हणणं एवढंच आहे की बर्गर हातानं, एका घासात वरून खालपर्यंत चावता आला पाहिजे. उंची वाढवायचीच असेल तर आधाराचा विचार करावा लागतो. मॅकडॉनल्ड्सचा बिग मॅक हा दोन टिक्क्यांचा बर्गर १९६७ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात आला, त्यात मधे बनचं तिसरं कापच घातलेलं असतं. ते वरच्या टिक्कीचा रस पितं आणि सगळं जागेवर धरतं.

येताना मटणाच्या दुकानासमोर रांग लावली, दुसऱ्या दिवशीसाठी. "खिमा चरबीसकट, आणि एकदाच काढा." दोनदा काढलेला खिमा पिठासारखा होतो, मग तव्यावर त्याच्या कडा उलत नाहीत.

पाचच्या सुमाराला पाववडा खाल्ला. नाशिकबाहेरच्या वाचकांसाठी सांगते: इथे पाव कापून त्यात चटणी आणि बटाट्याची भाजी भरतात, अख्खा पाव बेसनात बुडवतात आणि तळून काढतात. सोबत मीठ लावलेली तळलेली मिरची. मला तो खाताना एकदम बर्गर उलटा केल्यासारखं वाटलं. बर्गरमध्ये कुरकुरीत ते आत, मऊ ते बाहेर. पाववड्यात कुरकुरीत बाहेर आणि पाव मऊ होऊन आत गेलेला. त्यामुळे तो दोन मिनिटांनी खाल्ला तरी चालतो, बर्गर चालत नाही.

रात्री गंगापूर रोडला एका बारक्या दुकानात स्मॅश बर्गर. सहा खुर्च्या, समोरच तवा. करणारा मुलगा मालेगावचा, पंचविशीतला. मूळ अमेरिकेत हा गोमांसाचा करतात. महाराष्ट्रात २०१५ सालापासून गाय-बैलाच्या मांसावर बंदी आहे, तेव्हा इथे चिकन. त्यानं मांडीच्या खिम्याचा लिंबाएवढा गोळा तापलेल्या लोखंडावर ठेवला, वर कागद, त्यावर जड लोखंडी दाब, आणि अंगाचा सगळा भार दिला. गोळ्याची पापडी झाली. कडा जाळीसारख्या पसरल्या आणि तपकिरी झाल्या.

"सुरुवातीलाच दाबायचं, ताई. नंतर दाबलं तर रस बाहेर येतो. आणि मीठ आता, वरून. खिम्यात आधी मीठ घातलं की तो कबाबासारखा घट्ट होतो."

जळका नव्हे, पण खरपूस असा जो वास सुटतो, त्यामागची रासायनिक क्रिया फ्रेंच शास्त्रज्ञ मायार यांनी १९१२ साली मांडली. मांसातली प्रथिनं आणि साखर तापल्यावर एकमेकांशी जुळतात त्यातून ती चव येते. त्यासाठी पृष्ठभाग कोरडा आणि तवा कडक तापलेला लागतो. जाड टिक्कीत हा थर वरखाली नखभर मिळतो, स्मॅशमध्ये टिक्कीच जवळजवळ सगळी त्या थराची असते. चिकन पातळ असलं तरी पूर्ण शिजलंय ना हे तो टिक्की दुमडून बघत होता, हेही मला आवडलं.

तीन दिवसांतला सगळ्यात चांगला विकतचा बर्गर हाच. नाव मुद्दाम देत नाही, सहा खुर्च्यांचीच जागा आहे. गंगापूर रोडला फिरताना तव्यावर दाब पडल्याचा आवाज आला की आत शिरा.

घरी आल्यावर गोधडीत बसून भाचीला जगभरचे प्रकार सांगत होते. मलेशियात टिक्की अंड्याच्या पातळ पोळीत गुंडाळतात, त्याला रामली बर्गर म्हणतात. ऑस्ट्रेलियात बीटाची चकती घालतात. जपानमध्ये बनच्या जागी भाताच्या दाबलेल्या चकत्या असतात. अमेरिकेतल्या मिनियापोलिसमध्ये चीज टिक्कीच्या पोटात भरतात, पहिला घास सांभाळून घ्यावा लागतो नाहीतर टाळू भाजते. आणि तिथल्याच ओक्लाहोमा राज्यातला कांदा बर्गर. इथे मावशी अंथरुणातून उठून बसली. "कांद्याचा? तो सांग."

सोमवार

सकाळी कॉलनीत झेंडावंदन, मग गरम जिलबी. दहा वाजता वहिनीच्या माहेरी निघालो, निफाड तालुक्यात. निफाडची थंडी म्हणजे राज्यात नावाजलेली. भाचीचे मामा द्राक्षबागेच्या कडेला अजून शेकोटीची राख सारत होते. पारा फार उतरला की पहाटे बागेत शेकोट्या पेटवून धूर करावा लागतो, नाहीतर मणी तडकतात.

पलीकडच्या वावरात लाल कांद्याची काढणी चालली होती. बायका ओळीनं बसून पात कापत होत्या, मातीचा आणि कांद्याचा तिखट वास सगळीकडे. मामांनी एक कांदा मुठीनं फोडून हातावर ठेवला. "हा खा. हा साठवणीच्या चाळीत टिकत नाही, काढला की लासलगावला न्यायचा, मिळेल तो भाव घ्यायचा. चाळीत राहतो तो उन्हाळ कांदा, त्याला अजून वेळ आहे."

मी त्यांना ओक्लाहोमाची गोष्ट सांगितली. शंभरेक वर्षांपूर्वी तिथल्या एल रीनो गावात मांस महाग आणि कांदा स्वस्त होता, म्हणून कांदा कागदासारखा पातळ चिरून मूठभर खिम्यात तव्यावरच दाबायचे. तेवढ्याच मांसात पोट भरायचं. लोकांना ती चवच आवडली आणि मांस स्वस्त झाल्यावरही कांदा राहिला. मामा थोडा वेळ गप्प राहिले. "भाव पडला की आमच्याकडे पण दोन्ही वेळा कांद्याचंच कालवण," म्हणाले, आणि अर्धी गोणी गाडीत टाकली. मामींनी बागेतला एक कच्चा, आंबट घड कापून दिला.

तीन वाजता मावशीच्या स्वयंपाकघरात उभ्या राहिलो. भाकरीचा लोखंडी तवा धूर निघेपर्यंत तापवला. खिम्याचा गोळा टाकला, त्यावर पातळ चिरलेल्या कांद्याचा ढीग. लोखंडी दाब नव्हता म्हणून मावशीच्या हिंगाच्या पितळी डब्याला बटर पेपर लावला आणि त्याच्या बुडानं दाबलं. कांदा मांसात रुतला. मग उलथलं, कांदा खाली गेला. पाणी सुटून चर्र आवाज झाला, हळूहळू तो आवाज बारीक झाला आणि लाल कांदा जांभळ्याचा तपकिरी झाला, कडेला जवळजवळ काळा. त्याच वाफेवर चाचांच्या बनचं वरचं काप झाकण ठेवल्यासारखं ठेवलं. बनमध्ये कांद्याचा वास शिरला. आंबट द्राक्षं चकत्या करून तासभर मीठ आणि व्हिनेगरमध्ये टाकली होती, ती काकडीच्या लोणच्याऐवजी. चीज नाही, सॉस नाही.

दादानं पहिला खाल्ला आणि काही न बोलता दुसऱ्यासाठी ताटली पुढे केली.

स्टॉलसाठी शाकाहारी हवा होता, म्हणून मग मटकीचा. मोडाची मटकी वाफवून निम्मी कुस्करली, निम्मी अख्खी ठेवली, रात्रीचा उकडलेला बटाटा, जाडे पोहे, मावशीचा काळा मसाला. कांदा तसाच वरून दाबलेला. पहिल्या दोन टिक्क्या तुटल्या, मटकीत पाणी राहिलं होतं. मावशीनं ती फडक्यात घट्ट पिळून दिली आणि तिसरी अखंड उलथली. मावशीनं चावून बघितलं, डोळे मिटले. "थोडं लिंबू. आणि शेव आत्ता नाही, अगदी देताना."

करून बघणाऱ्यांसाठी: कांदा जितका पातळ तितका बरा, टिक्कीच्या वजनाएवढा घ्यायला घाबरू नका. तवा आधी तापवा, मग दाबा. बन कापलेल्या बाजूनं भाजल्याशिवाय त्याला सॉस लावू नका. बीडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, किंवा साधा लोखंडी तवा हवा, नॉनस्टिकवर ही कडा येत नाही.

सात वाजताच्या बसला दादानं द्वारकेपर्यंत सोडलं. पिशवीत मामांचे पाच किलो कांदे होते, बस संगमनेरपर्यंत त्या वासानं भरली होती. बसमध्येच भाचीचा मेसेज आला. चाचांनी दीडशे बन द्यायचं कबूल केलंय, पण न्यायला पहाटे सहाला यायचं, आणि तिनं स्वतः यायचं.